डाव्या पायाचा इतिहास

ज्या मोटारीला क्लचचे पेडल नाही, तिला क्लचचे सुटे भाग लागतात काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आमच्या युनियनच्या कचेरीत वारंवार येऊ लागला आहे. कधी तो नवी ऑटोमॅटिक गाडी घेतलेला गृहस्थ विचारतो, कधी गॅरेजवाला मिस्त्री विचारतो, आणि बहुतेक वेळा पगारातून पैसे कापले गेलेला ड्रायव्हर विचारतो. तिघांचा प्रश्न एकच असला तरी तिघांचे दुखणे वेगळे आहे. गृहस्थाला खर्चाची धास्ती, मिस्त्रीला धंद्याची आणि ड्रायव्हरला अब्रूची. म्हणून या विषयाकडे केवळ यंत्रशास्त्र म्हणून न पाहता थोडे इतिहास म्हणून पाहावे, असे आम्ही ठरवले. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते कामातून सवड काढून वाचले, आणि जे तपासता आले ते गॅरेजच्या खड्ड्यात उतरून तपासले. तेवढ्याच शिदोरीवर हे विवेचन आहे.

प्रथम जागेविषयी दोन शब्द. बाळकुम हे जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. माजिवडा, कापूरबावडी, मग बाळकुमचा नाका, पुढे कशेळीचा खाडीवरचा पूल आणि पलीकडे भिवंडी. भिवंडीच्या मागांचा आणि पुढे गोदामांचा माल ज्या वाटांनी ये-जा करतो, त्यांतली ही एक. गाडी येथे धावते कमी आणि सरकते फार. दहा पावले पुढे, पुन्हा उभी. पुन्हा दहा पावले, पुन्हा उभी. यंत्रशास्त्राची भाषा वापरायची तर क्लचची परीक्षा पाहणारा याहून कठीण रस्ता सापडणे अवघड. मिनिटाला चार वेळा क्लच दाबावा लागला असे धरले, तर आठ तासांच्या पाळीत डाव्या पायाने १,९२० वेळा पेडल दाबले. हा नुसता हिशेब आहे, पण तो ज्याच्या गुडघ्याने केला आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

आता क्लच मुळात लागतोच कशाला? याचे उत्तर ठाण्याच्याच इतिहासात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली. त्या इंजिनाला क्लच नव्हता. वाफेच्या इंजिनात बॉयलरमधील वाफ दट्ट्यावर दाब देते, आणि हा दाब चाक उभे असतानाही असतो. ड्रायव्हरने झडप उघडली की उभे चाक सावकाश फिरू लागते. इंजिन आणि चाक यांची कधी फारकत करण्याची गरजच नाही. पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाचा स्वभाव याच्या उलट आहे. ते स्वतः फिरत असेल तरच जोर देते. थांबले की त्याच्या अंगात काहीच बळ उरत नाही. तेव्हा एका बाजूला सतत फिरणारे इंजिन आणि दुसऱ्या बाजूला उभे चाक, अशा दोघांना एकदम जोडले तर इंजिन गचका खाऊन बंद पडते. दोघांची गाठ हळूहळू, थोडे घसरू देत, घालून द्यावी लागते. ही गाठ घालणारा आणि सोडणारा जो भाग, तो क्लच.

ही युक्ती मोटारीहून जुनी आहे. मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांत छताजवळून एक लांब लोखंडी दांडा फिरत असे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांवर येत. यंत्राच्या दांड्यावर दोन पुल्या शेजारी शेजारी असत. एक दांड्याला पक्की जखडलेली, दुसरी मोकळी. पट्टा मोकळ्या पुलीवर असला की यंत्र उभे, पक्क्या पुलीवर सरकवला की यंत्र चालू. हीच रचना पुढे साध्या यंत्रमागावर आली. तिलाही क्लचच म्हणावे लागेल. तात्पर्य, भिवंडीच्या विणकराला क्लच हा शब्द माहीत नसला तरी क्लचचे तत्त्व त्याच्या हाताला पुरते ठाऊक होते. आणि तो पट्टा चालत्या यंत्रावर सरकवताना बोटे कोणाची जात, हेही गिरणीच्या इतिहासाने नोंदवलेले आहे. यंत्राची जोडणी आणि सोडणी हा कामगाराच्या अवयवांचा प्रश्न आहे, तो त्या काळापासून.

मोटारीत ही रचना पक्की बसवण्याचे श्रेय फ्रान्समधील एमिल लेव्हासोर यांच्याकडे जाते. १८९१ च्या सुमारास पानार-लेव्हासोर कंपनीच्या गाडीत त्यांनी इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरपेटी आणि शेवटी मागची चाके, असा क्रम लावला. पुढे जगातील बहुतेक मोटारींनी आणि ट्रकांनी हाच क्रम कित्येक दशके पाळला. आरंभीचे क्लच शंकूच्या आकाराचे आणि चामड्याचे अस्तर असलेले होते. चामडे सुकले की गाडी धक्का देई, तेल लागले की घसरे. पुढे शंकू जाऊन सपाट तबकडी आली. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर, एका बाजूला इंजिनाचे फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांनी दाबणारी प्रेशर प्लेट आणि तिला मागे ओढणारे रिलीज बेअरिंग, ही आजच्या गॅरेजमधील ओळखीची मंडळी.

त्या अस्तरात विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात अॅस्बेस्टॉस वापरले गेले. उष्णता सोसण्यात त्याच्या तोडीचा स्वस्त पदार्थ नव्हता. पण त्याची धूळ फुप्फुसात बसली की अनेक वर्षांनी श्वास कोंडणारा रोग किंवा कर्करोग होतो, हे वैद्यकाने सिद्ध केले आहे. क्लच उघडल्यावर हवेच्या नळीने फुंकर मारून धूळ उडवायची, ही आमच्याकडील गॅरेजची जुनी रीत. ती धूळ कोणाच्या छातीत गेली याचा हिशेब कोणत्याही बिलात लिहिलेला नाही. नव्या अस्तरांत हा पदार्थ नसला तरी जुन्या गाड्या आणि स्वस्तातले भाग यांची खात्री देता येत नाही. म्हणून धूळ ओल्या फडक्याने पुसावी, फुंकू नये, हे आम्ही प्रत्येक गॅरेजात सांगत असतो.

मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी पहिली सार्वजनिक मोटारबस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. सुरू झाली. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी बांधल्या, आणि त्यातूनच फियाट व पुढे पद्मिनी ही मुंबईची टॅक्सी झाली. या साऱ्या गाड्या डाव्या पायाच्या बळावर चालल्या. जुन्या ट्रक-बसच्या गिअरपेटीत दात आपोआप जुळवून घेण्याची सोय नसे, तेव्हा ड्रायव्हर एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबी. त्याला 'डबल क्लच' म्हणत, आणि तो न कुरकुरता मारता येणे ही उस्तादाची खूण समजली जाई. ते कौशल्य होते यात शंका नाही. पण कौशल्याचे कौतुक करताना त्याची किंमत कोणत्या सांध्याने मोजली, हे विसरू नये. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने प्रौढ कामगाराला दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली, ती उगाच नव्हे.

कौशल्याबरोबर दोषही ड्रायव्हरच्याच पायाशी आला. क्लच जळला की मालकाचा पहिला शब्द ठरलेला: 'हाफ क्लचवर गाडी चालवली असशील.' कधी ते खरेही असते. पेडलवर पाय ठेवून गाडी हाकणे, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरणे, यांनी प्लेट लवकर झिजते. पण भार क्षमतेहून जास्त भरलेला असेल, पेडलची मोकळी चाल नीट बसवलेली नसेल, इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर येत असेल, तर ड्रायव्हर कितीही निष्णात असला तरी प्लेट जाणारच. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने या बाबतीत स्पष्ट रेघ ओढली होती. ताब्यात दिलेल्या वस्तूचे नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे झाले असेल तरच कपात. ती नुकसानीच्या रकमेहून अधिक नाही. आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच तत्त्व कायम आहे. तरीही चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची चाल बंद झालेली नाही.

आता पायाची सुटका कशी झाली ते पाहू. जर्मनीतील हेर्मान फ्योटिंगर हे गृहस्थ जहाजाच्या कारखान्यात काम करीत. वेगाने फिरणारे टर्बाइन आणि सावकाश फिरायला हवा असा जहाजाचा पंखा यांची जोडणी कशी करावी, या विवंचनेतून त्यांनी १९०५ मध्ये द्रवाच्या जोडणीचे पेटंट घेतले. कल्पना सोपी आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातले आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडले की झाले. मध्ये कोणतीही घट्ट गाठ नाही, तेव्हा चाक उभे असले तरी इंजिन बंद पडत नाही. १९३० साली इंग्लंडच्या डेमलर कंपनीने अशा द्रवाच्या फ्लायव्हीलची मोटार काढली. १९३९ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाडीसाठी 'हायड्रा-मॅटिक' ही पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी बाजारात आणली. डावा पाय मोकळा झाला.

पण क्लच गेला का? येथेच लोकांची फसगत होते. या पेटीत मधल्या एका दात्याभोवती इतर दाते फिरतात, आणि त्यांतला कोणता अडवायचा, कोणता सोडायचा, यावर गिअर ठरतो. हे अडवणे-सोडणे करतात ते पट्टे आणि तेलात बुडालेल्या लहान लहान क्लचच्या चकत्या. म्हणजे एक मोठा क्लच गेला आणि पेटीच्या पोटात अनेक छोटे आले. पुढे १९४९ मध्ये पॅकार्ड कंपनीने तेलाच्या जोडणीतील घसरण वाचवण्यासाठी तिच्या आतच आणखी एक क्लच बसवला. आजच्या बहुतेक अशा गाड्यांत तो असतो. तेव्हा ऑटोमॅटिकला क्लच नसतो हे म्हणणे अर्धसत्य आहे. तिला क्लचचे पेडल नसते, एवढेच खरे.

याचा पुरावा हवा असेल तर मोटारीपर्यंत जाण्याचेही कारण नाही. १९७२ साली महाराष्ट्रातील कायनेटिक कंपनीने 'लुना' काढली. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा ही गिअर न बदलावा लागणारी स्कूटर आली. आणि २००१ पासून होंडाच्या अॅक्टिव्हाने चाळीचाळीत घर केले. यांच्या मागच्या चाकाशी जोडलेल्या यंत्रणेत एक गोल वाटी असते आणि आत स्प्रिंगने आवळून धरलेले, अस्तर लावलेले तुकडे. वेग वाढला की ते तुकडे बाहेर फेकले जातात आणि वाटीला घासून चाक फिरवतात. हाही क्लचच. बाळकुमच्या रस्त्यावर भाजी आणायला जाणारी गृहिणी जी स्कूटर चालवते, तिचे अस्तर झिजते आणि बदलावेही लागते.

भारतातील सामान्य माणसाला ऑटोमॅटिक मोटार परवडू लागली ती २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरिओ गाडीपासून. त्याच वर्षी टाटांची झेस्टही त्याच पद्धतीने आली. ही पद्धत समजून घेणे फार अगत्याचे आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या तंट्यांचे मूळ बहुधा तिच्यात असते. या गाडीची गिअरपेटी नेहमीचीच. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सारे नेहमीचेच. फरक इतकाच की पेडल दाबायचे काम ड्रायव्हरच्या पायाऐवजी एक छोटे यंत्र करते आणि केव्हा दाबायचे ते संगणक ठरवतो. तेव्हा या गाडीला क्लचचे भाग लागतात, आणि ते हाताने गिअर टाकायच्या गाडीइतकेच झिजतात. 'ऑटोमॅटिक आहे, क्लचचा खर्च नाही' असे सांगून कोणी ही गाडी विकत असेल, तर घेणाऱ्याने सावध राहावे.

याखेरीज आणखी दोन प्रकार आहेत. एकात दोन क्लच असतात; एक विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा, आणि एक सुटतो तोच दुसरा धरतो. यांतले काही क्लच कोरडे असतात, काही तेलात. कोरडे क्लच रांगणाऱ्या वाहतुकीत लवकर तापतात. दुसऱ्या प्रकारात दात्यांऐवजी दोन पुल्यांवर एक पट्टा असतो आणि पुल्यांचा घेर कमी-जास्त होऊन वेग बदलतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये तो लोकांपुढे आणला. गाडी उभी राहताना पट्टा आणि इंजिन यांची सोडवणूक करायला त्यातही क्लच किंवा तेलाची जोडणी लागतेच.

मग निगा कशी राखावी? तेलाच्या जोडणीची गाडी असेल तर तिचा प्राण तेलात आहे. ते कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच घालावे, दुसरे चालत नाही. तेल काळपट झाले, जळका वास आला किंवा गिअर बदलताना धक्का बसू लागला, तर आतल्या चकत्या झिजत आहेत असे समजून लगेच तपासणी करावी. तेल जन्मभर बदलायला नको असे कोणी सांगितले, तरी आपला रस्ता कोणता आहे याचा विचार करावा. उष्णतेने तेल लवकर म्हातारे होते, आणि आमच्या भागातील वाहतूक उष्णतेला तोटा पडू देत नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पुढच्या गिअरातून मागच्या गिअरात टाकू नये. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी चालती चाके जमिनीवर ठेवून लांबवर ओढत नेऊ नये. इंजिन बंद असले की तेलाचा पंपही बंद असतो, आणि आतले भाग कोरडे घासले जातात. तिला सपाट ट्रकवर चढवून न्यावे.

यंत्राने क्लच दाबणारी गाडी असेल तर चढावरची सवय बदलावी. कशेळीच्या पुलाच्या चढावर गर्दीत गाडी थांबली की पुष्कळ जण ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून ती जागच्या जागी धरतात. पाय तेथे नसला तरी आत संगणक त्या वेळी हाफ क्लचच करीत असतो, आणि प्लेट जळत असते. तेथे ब्रेक वापरावा, गरज असेल तर हँडब्रेक. गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून इंचाइंचाने सरकण्याऐवजी थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदम पुढे जावे. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, जळका वास येतो, निघताना गाडी थरथरते, ही प्लेट संपत आल्याची लक्षणे. प्लेट बदलल्यावर संगणकाला नव्या प्लेटची जाडी आणि पकडीची जागा पुन्हा शिकवावी लागते. ते न करता गाडी सोडली तर नवी प्लेटही लवकर जाते.

हे शिकवण्याचे यंत्र मात्र कंपनीच्या वर्कशॉपात असते आणि नाक्यावरच्या मिस्त्रीकडे बहुधा नसते. ज्याने वीस-वीस वर्षे कानाने क्लचचा आजार ओळखला, त्याला आता पडद्यावरचे आकडे वाचता येत नाहीत म्हणून अडाणी ठरवले जाते. हे आम्हाला मान्य नाही. ज्ञान नवे आहे, माणूस अडाणी नाही. अशा लहान गॅरेजांनी चार-पाच जणांनी मिळून एक तपासणी यंत्र घ्यावे, आणि आय. टी. आय.मध्ये चालू कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग असावेत, अशी आमची मागणी आहे.

आता वीज. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली. तिलाही क्लच नव्हता, कारण विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते. तीच मोटर आता रस्त्यावरील बसमध्ये आणि मोटारीत आली आहे. ठाणे परिवहनच्या ताफ्यातही विजेच्या बसगाड्या आहेत. अशा गाडीला सहसा क्लचही नाही आणि बदलायचे गिअरही नाहीत. तेव्हा क्लचचे राज्य हे वाफ आणि वीज यांच्या मधल्या काळातले राज्य आहे, असे म्हणावे लागेल. पण ते अजून संपलेले नाही. रस्त्यावरील बहुसंख्य गाड्या अजून त्याच्याच अमलाखाली आहेत.

या इतिहासाचा कामगाराने घ्यावयाचा बोध आम्ही थोडक्यात सांगतो. डाव्या पायाचे काम यंत्राकडे गेले, ही चांगली गोष्ट झाली, गुडघे वाचले. पण काम गेले तर त्याबरोबर जबाबदारीही गेली पाहिजे. आमच्याकडे अलीकडे एका भाड्याच्या गाड्यांच्या मालकाने ड्रायव्हरच्या पगारातून क्लचचे पैसे कापले. गाडी पेडल नसलेली होती. जे पेडल गाडीत नाही ते ड्रायव्हरने दाबून कसे जाळले, असा प्रश्न आम्ही विचारला, आणि त्यावर उत्तर मिळाले नाही. तथापि हा प्रश्न बिनतोड आहे असे मानून आपण गाफील राहू नये. चढावर गाडी तोलून धरण्याची चूक ड्रायव्हरकडून होऊ शकते, हे आताच आपण पाहिले. यास्तव आमचे म्हणणे असे, की आधी क्लच उघडून प्लेट सर्वांना दाखवावी, तेल गळले का ते पाहावे, गाडीवर किती भार होता ते पाहावे, संगणकातील नोंद काढून ती ड्रायव्हरलाही वाचून दाखवावी आणि मग त्याचे म्हणणे ऐकावे. त्याआधी पगाराला हात लावू नये. ज्या मालकाने गाडी देताना तिची चढावरची रीत शिकवली नाही, त्याने हयगयीचा शब्द उच्चारण्यापूर्वी स्वतःकडे पाहावे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे: पेडल नसले तरी बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना क्लच असतो, त्याचे भाग झिजतात, आणि त्यांची निगा राखावी लागते. फक्त विजेची गाडी यातून सुटली आहे. हे उत्तर गृहस्थाने गाडी घेण्यापूर्वी विचारून घ्यावे, मिस्त्रीने शिकून घ्यावे आणि ड्रायव्हरने पाठ करून ठेवावे. मालक जेव्हा बिल पुढे करील, तेव्हा ते कामी येईल.